उत्तरेच्या भिंतीवरची डबी

आम्ही या इमारतीत राहायला आलो तेव्हा घर गरम ठेवणाऱ्या नळ्या इतक्या तापायच्या की ऐन जानेवारीत खिडकी किलकिली ठेवून झोपावं लागे. आता बॉयलर तोच, नळ्या त्याच, पण सगळी ऊब भिंतींतून बाहेर जाते. आमचं घर सर्वांत वर, कोपऱ्यातलं. उत्तरेच्या भिंतीवर आतून बर्फ धरतं.

आमच्या म्हाताऱ्यांची छाती असा आणखी एक हिवाळा सोसणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आमची मुलगी गुलबारा म्हणाली, "इमारत दुरुस्त झाली तर ठीक. नाहीतर बाबांना मी बिश्केकला माझ्या घरी नेणार." म्हाताऱ्यांनी उभा जन्म नारीन नदीच्या घाटात ट्रक चालवला. त्यांना इथंच, आईबापांशेजारी मातीत जायचं होतं.

म्हणून तर आम्ही नुरझातची वाट पाहत होतो. इमारतींची ऊर्जा तपासणी करणारी ही मुलगी. गावातल्या सर्वांत थंड ठरणाऱ्या एकाच इमारतीला बाहेरून ऊब धरून ठेवणारं जाड अस्तर मिळणार होतं. तिनं उत्तरेच्या भिंतीवर एक पांढरी डबी टांगली.

"आजोबा, ही इथलं तापमान टिपत राहील. पंधरवड्यानं न्यायला येते. तोवर ही तुमच्या हवाली."

"बिनघोर जा, पोरी. लोकांनी विश्वासानं माझ्याकडे काय काय ठेवलंय!"

"काय काय म्हणजे मामंजींची एक मेंढी," मी म्हणाले. "ती लांडग्यानं नेली."

"तुझं तोंड नेलं असतं तर बरं झालं असतं."

दोन दिवसांनी डबीवर हिमकण दिसले. म्हाताऱ्यांचा जीव वरखाली व्हायला लागला. "परक्याची वस्तू. बिघडली तर तोंड कसं दाखवू?" त्यांनी ती उतरवली, लोकरीच्या नमद्यात गुंडाळली आणि स्वयंपाकघरात शेगडीजवळच्या फळीवर ठेवली. मलाही ते रीतीला धरूनच वाटलं.

नुरझात आली तेव्हा म्हाताऱ्यांनी शेगडीजवळून ते गाठोडं आणून दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरलं. तिनं नमदा उलगडून डबी बाहेर काढली.

"आजोबा, तिला थंडीच मोजायची होती हो."

"मग पुन्हा टांग की," मी म्हणाले.

"आजी, थंड इमारतींची यादी आज जातेय. डबी शेगडीजवळ होती असं मी लिहीन. पण त्यानं हे आकडे बाद होतील, तुमची थंडी काही सिद्ध होणार नाही."

म्हाताऱ्यांनी रिकाम्या नमद्याची घडी घातली. मग त्यांनी हळूच विचारलं, "पण डबी धड आहे ना?"

"आहे, आजोबा."

अस्तर नदीकाठच्या इमारतीला मिळालं. गुलबारा एप्रिलमध्ये गाडी घेऊन आली. म्हाताऱ्यांनी बूट चढवले. जिना उतरताना ते प्रत्येक मजल्यावर थांबले. दारांत उभ्या शेजाऱ्यांना आम्ही सांगितलं, दम लागतो त्यांना.