काल काय जेवलात?

"बाबा, हे काय आहे?" फ्रिजचं दार धरून मुलीने विचारलं. आत अर्धी काकडी, दुधाची पिशवी आणि सात कप्प्यांची प्लॅस्टिकची डबी.

"गोळ्या. सोमवार ते रविवार," बाबा म्हणाले. "सगळं येतं त्यात. लोह, कॅल्शियम, बी, डी. एकट्यासाठी कोण भांडी खरकटी करणार?"

"आणि जेवण?"

"चहा-बिस्किटं असतात की."

मुलीने कपाळाला हात लावला. "हे तुम्ही बोलताय?"

तिचं खरंच होतं. बाबांनी अडतीस वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरवर काढली होती, आणि तिथे त्यांचा एक प्रश्न प्रसिद्ध होता. कोणी चिठ्ठीशिवाय ताकदीची गोळी मागितली, की हातातली कात्री खाली ठेवून ते विचारायचे, "काल काय जेवलात?" मग गल्लीतला शिंपी कबूल करायचा की दुपारी नुसत्या चहावर भागवलं. "आधी आठ दिवस वेळेवर जेवा. तरी बरं नाही वाटलं तर डॉक्टरला दाखवा, ते लिहून देतील ती गोळी देतो." मालक करवादायचा, "अहो, धंद्याचं वाटोळं करताय." पण गिऱ्हाईक परत यायचं, बरं वाटतंय हे सांगायला का होईना, आणि जाताना खोकल्याचं औषध नेऊन मालकाचंही समाधान करायचं. गल्लीतली पोरं त्यांना 'काय जेवलात काका' म्हणायची. वरवर ते डोळे वटारायचे, पण मनातून त्यांना ते नाव फार आवडायचं. काय दिवस होते ते.

मुलीने सोबत आणलेलं अंडं उकडत ठेवलं आणि पालेभाजी चिरायला घेतली.

"आईला कधी विचारलंत हो?" मान वर न करता ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

आईला चक्कर यायची. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पोटभर जेवायला सांगितलं. त्यातलं गोळ्यांचं बाबांनी मनावर घेतलं. रोज सकाळी पाण्याच्या भांड्याशेजारी एक गोळी काढून ठेवायची, हा नेम एक दिवस चुकला नाही. "किती जपता मला," ती म्हणायची, आणि बाबांना मूठभर मांस चढायचं. एरवी घरातला शिरस्ता ठरलेला. ती बापलेकीला गरमगरम वाढणार, मग बाबा बाहेर बातम्या ऐकणार, आणि ती आत उरलंसुरलं खाणार. चौतीस वर्षांत त्यांनी तिचं ताट कधी पाहिलं नव्हतं.

आता ते आठवू लागले. शिंप्याला वांगं चालत नसे. शाळेतल्या बाईंना दूध पचत नसे. पोस्टमनचं भाताशिवाय पान हलत नसे. आणि बायकोला काय आवडायचं? काही केल्या आठवेना. ती जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हा त्यांनी चारचौघांत रडू आवरलं होतं, आज ते आवरेना. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

मुलीने ताट वाढलं. भात, पालेभाजी, उकडलेलं अंडं. बाबांनी नेहमीच्या सवयीने भाजीतले देठ कडेला सारले. ती मात्र ओट्याशीच उभी राहिली. पर्समधून एक गोळी काढून तिने तोंडात टाकली आणि वर नळाचं पाणी प्यायली.

"कसली गोळी?"

"शक्तीची. मीच आणली. हल्ली थकायला होतं."

बाबांनी हातातला घास खाली ठेवला. "काल काय जेवलीस?"

"झालं दुकान सुरू," ती हसली. मग आठवू लागली, आणि हसू ओसरलं. "पोरांचं उरलं होतं ते. उभ्याउभ्याच."

बाबा गुडघ्यांवर हात टेकून उठले. मांडणीवरचं दुसरं ताट काढून त्यांनी पुसलं. भात वाढला, भाजी वाढली, आपल्या ताटातलं अर्धं अंडं ठेवलं.

"बस."

"तुमचं होऊ दे आधी."

"बस म्हणतो ना."

ती बसली. तिचे चार घास होईपर्यंत बाबा नुसते तिच्या ताटाकडे पाहत होते.

"ही भाजी आवडते तुला?"

"आईला फार आवडायची. देठ तर खास. तुम्ही ताटात कडेला सारलेले काढून ठेवायची, आणि मागाहून मिटक्या मारत खायची."

ताटाच्या कडेला सारलेले देठ बाबांनी बोटांनी जवळ ओढले, आणि एकेक करून खाऊ लागले.