करांद्याला पहिला नंबर

आमच्या संशोधन केंद्रावर नवं केळं आलं की त्याला आधी माझ्या जिभेपुढे उभं राहावं लागतं. चाखणाऱ्या बायकांची मी मुख्य, चौदा वर्षं झाली. शाळा मी तीन इयत्तांत उरकली, पण पानात गुंडाळून वाफवलेल्या कच्च्या केळ्यांच्या मटोकेचा एक घास घेतला की केळं कोणत्या जातीचं, घड कधी उतरवला आणि रांधणारी सकाळी नवऱ्याशी भांडली होती का, हे सगळं सांगते.

प्रॉसी तिथली शास्त्रज्ञ. मर रोगाला दाद न देणारं केळं काढायला ती आठ वर्षं खपली. आधीची पाच केळी मी थुंकून टाकली होती.

"आजी, यंदा कसं झालंय?"

"साबण बरा."

सहावं मात्र मी गिळलं आणि ताट पुन्हा पुढे केलं. त्या दिवशी आमच्या प्रॉसी डॉक्टरीणबाई चिखलात नाचल्या. आता एकच हंगाम लावून बघायचा राहिला होता, मग त्याचे मुनवे, बुंध्याशी फुटतात ती पिल्लं, शेतकऱ्यांच्या हातात.

इतक्यात मंत्री कडमडला. कामया हा माझ्या चुलतभावाचा मुलगा, म्हणजे मी त्याची आत्या. निवडणूक तोंडावर आलेली. आमच्या कुळाचं देवक करांदा, वेलीला लोंबतो तो कंद. ज्याचं जे देवक ते त्यानं तोंडात घालायचं नाही, हे आमच्याकडे दूधपितं पोरही जाणतं. कुळातले म्हातारे कुरकुरले, आपल्या देवकाला कोणी विचारत नाही. झालं! कामयानं कंपालात बसून हुकूम काढला: केळ्याचा निधी बंद, तो करांद्याच्या संशोधनाला द्या. रविवारी उद्घाटन, आणि ते आटोपताच प्रॉसीचा मळा उपटून तिथे वेल चढवायचे.

प्रॉसी दोन दिवस जेवली नाही. शुक्रवारी मंत्र्याचा सचिव मुगुमे फॉर्म घेऊन आला. तो पश्चिमेकडचा. त्याला गाईंतलं सगळं कळतं, आमच्यातलं काही नाही.

"नालोंगो, इथे अंगठा करा." जुळ्यांची आई म्हणून मला सगळे नालोंगो म्हणतात.

"कशावर करू?"

"तुम्ही करांदा चाखलात आणि पहिला नंबर दिलात, असं लिहिलंय. चाखणीचा निकाल नसला तर निधी हलत नाही."

"मी कधी चाखला?"

"चाखायला कोण सांगतंय? साहेबांना पहिला नंबर हवाय."

माझ्या पोटात हसू असं उसळलं की डोक्याचा फडका सुटला. हा शहाणा मंत्र्याच्या पदरी आणि त्याचं देवक याला ठाऊक नाही!

"अंगठा देते की," मी म्हटलं. "पण इथला नियम आहे बाबा. जो नंबर मागतो त्यानं पहिला घास घ्यायचा. रविवारी, सगळ्यांसमोर."

"असा नियम कुठे..." प्रॉसी बोलायला लागली. मी तिला असा चिमटा काढला की नियम तिला एकदम आठवला.

मुगुमे खूश. त्यानं कार्यक्रमपत्रिकेत छापलं, 'मंत्रिमहोदयांच्या शुभमुखे चाखणी'. कसली चाखणी, ते छापायला विसरला.

रविवारी मांडव गच्च भरला. कुळाचे म्हातारे पांढऱ्या पायघोळ झग्यांत पहिल्या रांगेत, कुळाचे ढोल, रेडिओवाला. केंद्राच्या फाटकाशी मजूर कुदळी घेऊन मळा उपटायला बसलेले. मी ताट घेतलं आणि कामयापुढे गुडघे टेकले. वाढताना गुडघे टेकायची आमची रीत, आणि गुडघ्यावर बसलेल्या आत्याच्या ताटाला नाही म्हणणारा अजून जन्मायचाय.

"खा, पोरा."

त्यानं पान उलगडलं. वास नाकात गेला आणि चेहरा राखेसारखा झाला.

"आत्या," तो दातांतल्या दातांत म्हणाला, "काय आहे हे?"

"तुझा पहिला नंबर."

"माझं पोट भरलंय."

"एक घास रे! रेडिओवाला ताटकळलाय."

ढोल थांबले. सगळ्यात म्हातारा काठी टेकत उठला. "कामया! काय आहे त्या पानात?"

मुगुमेची छाती फुगली. "करांदा, महाराज! साहेब स्वतः खाऊन दाखवणार!"

बाई गं, काय गदारोळ! "देवक खातो? आमच्यासमोर?" "जतन कर म्हटलं होतं, शिजव नव्हतं म्हटलं!" एकाचा झगा खुर्चीत अडकला, तो खुर्चीसकट पुढे आला. कामयाच्या हातात चमचा तसाच. प्रॉसी ओंजळीआड हसत होती का रडत होती, तिलाच माहीत.

"दुसरं ताट आहे," मी पुटपुटले.

त्या घडीला त्यानं दगडही खाल्ले असते. प्रॉसीचं केळं होतं ते, वर शेंगदाण्याचं कालवण. एक घास, दोन घास, तिसऱ्याला त्यानं डोळे मिटले.

"हे कोणतं?"

"तू आज उपटणार आहेस ते."

आणि पाहा हं माझ्या भाच्याची कला! तोंडात घास असतानाच त्यानं माइक ओढला. हे केळं माझंच स्वप्न होतं म्हणे! करांद्याला कुंपण घालून मान देऊ, त्याला कोणी हात लावायचा नाही, आणि केळ्याचा निधी चालू राहील! म्हातारे निवले, ढोल पुन्हा वाजले.

"सही?" मी खालूनच विचारलं.

"कार्यालयात करतो, आत्या."

"गुडघे म्हातारे आहेत माझे, पण तुझ्या सहीपर्यंत टिकतील. आणि मी इथून हलत नाही तोवर तूही हलत नाहीस."

शेवटी मुगुमेला वाकवलं, त्याच्या पाठीवर केळ्याचा निधी चालू ठेवायचा कागद ठेवला आणि सही झाली.

प्रॉसीनं कागद दोनदा वाचला, चपला हातात घेतल्या आणि फाटकाकडे धूम पळाली. "उठा रे! आलाच आहात तर खड्डे खणा, शेवटच्या हंगामाचे मुनवे आजच लावायचेत!" मजूर तिच्यामागे, बायका मजुरांमागे, ढोलवालेही मळ्यात शिरले.

मी ओरडत राहिले, अगं, मला कोणी उठवा गं! हसून हसून पायांत जीव राहिला नव्हता. शेवटी मंत्र्यानंच हात दिला.