मागच्या चाकावरची गोलाई

आमच्या कंपनीच्या स्पोर्ट्स कारच्या मातीच्या नमुन्यावर, मागच्या चाकावरची गोलाई माझ्या नवऱ्याने घडवली होती. गेल्या वर्षी तो वारला. आता तेच मॉडेल नव्या चेहऱ्याने बाजारात आणायचं ठरलं. मागचे दिवे रुंद होणार, म्हणून ती गोलाई खरवडावी लागणार होती.

“वहिनी, हे दुसरं कुणी करेल,” मुख्य डिझायनर म्हणाले. “तुम्ही पुढचा बंपर घ्या.”

“दुसरा वाट लावेल, भाऊजी.”

“अहो, वाटच तर लावायचीय!” ते हसले आणि लगेच ओशाळले.

आमच्याकडे गोलाई डोळे मिटून तळहाताने तपासतात. मी एकदाच हात फिरवला. मग पातं घेतलं. माती सालींसारखी पायाशी पडत गेली.

संध्याकाळी नवी गोलाई तयार झाली. सगळे गेल्यावर मी डोळे मिटून हात फिरवला. हात कुठेच अडला नाही. ती जुन्या गोलाईपेक्षा चांगली झाली होती.

हे ऐकून चिडला असता, जेवण होईपर्यंत माझ्याशी हुज्जत घालत बसला असता, असा माणूस एकच होता. मी दिवे मालवले आणि घरी निघाले.