चार बटणांचं यान

मशीनवरची पाटी वाचली आणि दोघी बहिणींतल्या थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘नाणं टाकून खेळायच्या अगदी सुरुवातीच्या अंतराळ-खेळांपैकी एक. फार अवघड असल्यामुळे चालला नाही.’ उभ्या आयुष्यात तिने बनवलेला हा एकुलता एक खेळ. तो खेळांच्या संग्रहालयात पोचला, तोही नापासाचा शिक्का घेऊन!

“अवघड? काय अवघड आहे त्यात?” ती संचालकांवर उखडली. “लोकांनी डोकं घरी ठेवून यायचं आणि नावं आमच्या खेळाला ठेवायची! आधी ही पाटी काढा.”

संचालक भला माणूस. “मॅडम, उद्या उद्घाटन आहे. तुम्ही खेळून दाखवा. सोपा निघाला तर आत्ता उतरवतो.”

थोरलीने नाणं टाकलं. एका बटणाने यान डावीकडे वळायचं, दुसऱ्याने उजवीकडे, तिसऱ्याने वेग घ्यायचं आणि चौथ्याने गोळी सुटायची. अवकाशात ब्रेक नसतो, म्हणून यानालाही नव्हता. त्यावरून ती कारखान्यात सगळ्यांशी भांडली होती. सत्तरी उलटली तरी बोटं काही विसरली नव्हती. शत्रूच्या उडत्या तबकड्या पटापट फुटल्या. संचालकांनी मुकाट्याने स्क्रू-ड्रायव्हर मागवला.

“बघितलंत? आता ही खेळेल,” म्हणत तिने सोबत आलेल्या धाकट्या बहिणीला पुढे ढकललं.

“ताई, मला कशाला मध्ये ओढतेस?”

“गप खेळ. यान वळव. आता थांबव. अगं, तसं नाही थांबत ते! आधी उलटं फिरव, मग तिसरं बटण, पण जरासंच, नाहीतर मागे जाईल. आणि तोंड जिकडे, गोळी तिकडे, हे लक्षात ठेव, म्हणजे—”

धाकटीचा डाव संपला. थोरलीचं सांगणं अजून अर्ध्यावरच होतं.

“जाऊ दे,” धाकटी म्हणाली. “खेळ बाजारात आला तेव्हाही तू असंच समजावलं होतंस. मी कंटाळून शेजारच्या मशीनवर गेले. त्याला एकच दांडा होता.”

“मग तेव्हाच बोलायला काय झालं होतं?”

“बोलले की. तू म्हणालीस, तुला अक्कल नाही.”

बाजारात जाण्याआधी हा खेळ खेळून पाहिला होता तो फक्त तो बनवणाऱ्यांनी. इतकी वर्षं तिने लोकांवर राग धरला होता. आता तो कुठे नेऊन ठेवायचा तेच तिला कळत नव्हतं, आणि त्याचीच जास्त चीड येत होती.

संचालक एक स्क्रू सैल करून थांबले होते. “काढू ना, मॅडम?”

“राहू दे,” ती खेकसली. “आणि नीट घट्ट बसवा. उद्या लोक वाचायला येणार आहेत.”