घाबरट पुस्तक

आता हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसायचा नाही, आणि ज्याचा बसेल त्याने आधी आपली नाडी तपासून घ्यावी. पण दोह्यात, मदिनत खलीफा भागातल्या एका कंपाउंडमध्ये, चार लोकांच्या देखत एक मराठी पुस्तक घाबरलं. धोंडीरामतात्यांनी ते आपल्या हातात धरलं होतं. आणि तात्यांच्या हातातली गोष्ट खोटी कशी असेल?

तात्या सिन्नरचे. उभा जन्म एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून गेला. गाडी आली की तिचं नाव पुकारायचं, आणि नाही आली की का नाही आली ते प्रवाशांना सांगायचं, एवढं काम. खरं कारण डेपोलाही ठाऊक नसायचं, म्हणून तात्या घरगुती कारणं बनवत. एकदा येवल्याच्या गाडीसमोर मोरांची वरात आडवी गेली. एकदा ड्रायव्हरला शिंक सुरू झाली ती थेट संगमनेरला थांबली. “कंट्रोलर, काय थापा मारता राव!” म्हणत लोक हसायचे, भांडायचे, आणि तेवढ्यात गाडी यायची.

निवृत्तीनंतर ते मुलाकडे, कैवल्यकडे कतारला आले आणि इथे त्यांची पंचाईत झाली. कैवल्य पहाटेच गॅस प्लँटला जाई, सून नमिता ऑफिसात. घरात उरायची नात ओवी, तीही शाळेतून आल्यावर. थाप मारायची तर ती पकडायला समोर कुणीतरी लागतं. ओवी पकडतच नव्हती.

“ओवे, काल एक उंट आपली बेल वाजवून पळाला बरं का.”

“ओके, आजोबा.” की खोलीचं दार बंद.

मराठी तिला सगळी कळे, पण बोलायची इंग्रजीच. मागे एकदा मराठी मंडळाच्या जेवणात ती मोठ्याने म्हणाली होती, “बाबा गाडीत बसली.” अख्खी पंगत खो खो हसली. त्या दिवशी पोरीने मराठीला खलास म्हटलं ते म्हटलंच. तात्यांना कतारात ना सोनं बघायचं होतं ना वाळवंट. या पोरीने आपल्याशी दोन वाक्यं भांडावीत, एवढीच त्यांची इच्छा होती.

ऑक्टोबर संपत आला तशी कंपाउंडमध्ये नारिंगी कागदाचे भोपळे लागले. नमिताने टूम काढली की मराठी पोरांनी शुक्रवारी संध्याकाळी लॉनवर जमायचं आणि हॅलोवीनसाठी आपलं आवडतं भुताखेताचं पुस्तक सगळ्यांना दाखवायचं. पुस्तक मात्र मराठीतलं हवं.

ही टूम निघाली त्याच दुपारी तात्यांच्या खोलीचं दार किलकिलं झालं.

“आजोबा, मला घाबरट पुस्तक पाहिजे.”

तात्या पलंगावर उठूनच बसले. पूर्ण वाक्य! मराठी! पण हे असलं काय?

“कसलं पुस्तक?”

“घाबरट. व्हेरी व्हेरी घाबरट.”

आता घाबरट म्हणजे जो घाबरतो तो. उंदराला बघून खुर्चीवर चढतो तो. पोरीला घाबरवणारं हवं होतं, हे तात्यांच्या लक्षात आलं. पण चूक सांगावी, तर किलकिलं झालेलं दार पुन्हा बंद. न सांगावी, तर शुक्रवारी ती सगळ्यांसमोर तेच म्हणणार आणि पुन्हा पंगत हसणार. तात्यांचं डोकं स्टँडवरच्या मोडक्या पंख्यासारखं फिरलं आणि तोंडातून निघून गेलं, “आणतो की! घाबरटच आणतो!”

शेजारी इब्राहीमभाई राहत. मूळचे दापोलीकडचे, सारी उमर दोह्यात क्रेन चालवण्यात गेलेली. मराठी पुस्तकं कंपाउंडमध्ये असली तर त्यांच्याच घरी.

“इब्राहीमभाई, एखादं घाबरट पुस्तक आहे का हो?”

“आमच्यात त्या हॅलोवीनचं काय नसतं, पण पुस्तक वाचायला कोण नको बोलतो? घाबरट म्हंजे कसं, भूत असलेलं का भुताला भिणारं?”

“भिणारं.”

“आन् ते कशाला?”

“नात म्हणाली.”

“तिला पायजे तरी तेच का?”

“नाही. म्हणाली भिणारं, पाहिजे भिववणारं.”

“मग भिववणारं न्या ना, तात्या!”

“नेलं तर ती चुकली असं होतं.”

इब्राहीमभाईंनी टोपी काढून डोकं खाजवलं. “म्हंजे जे स्वतः भितं आन् दुसऱ्याला पण भिववतं?”

“आता कसं बरोबर कळलं तुम्हाला!”

“नाय कळलं,” इब्राहीमभाई म्हणाले. “तुमची नात कळंना, तुम्ही पण कळंना झालात.”

आतून रबियाभाभी ओरडल्या, “अवो, त्यांना माजं ते मिटणारं देऊन टाका! वरवंटा ठेवल्याबिगर उघडं राहत नाय मेलं!”

अशा रीतीने तात्यांच्या हाती एक जाडजूड पुस्तक आलं. वर खाकी कव्हर, त्यावर मसाल्याचे डाग पडू नयेत म्हणून प्लास्टिकचं दुसरं कव्हर. आत सगळ्या पाककृती. बांधणी इतकी कडक की उघडून हात काढला की फट्‌कन मिटायचं. तात्यांनी ते उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. पुस्तक भितं की चिडतं, हे काही केल्या ठरेना.

शुक्रवारी लॉनवर सतरंज्या पडल्या. हवा अशी दमट, की झुडपंसुद्धा घामेजलेली. इब्राहीमभाईंचा नातू मुदस्सिर याने आधी आपल्या पुस्तकातली विहिरीतली हडळ दाखवली, तिचे उलटे पाय दाखवले, टाळ्या घेतल्या. मग ओवी उभी राहिली. पुस्तक अजून तात्यांच्या खोलीतच होतं. “जा, सुरू कर, मी आलोच,” म्हणून तात्या ते आणायला घरात गेले. कापडी पिशवीत घालून परत येतात तो तिचं वाक्य कानावर पडलं.

“माझं पुस्तक खूप खूप घाबरट आहे.”

“घाबरट?” मुदस्सिर गडबडा लोळला. “म्हंजे भित्रं! भित्री भागूबाई पुस्तक!”

पोरं हसली. मागे बसलेले आईबापही हसले. ओवीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. नमिताने तोंड उघडलंच होतं, “ओवी, घाबरट नाही गं, भीती...”

“बरोबर बोलली ती!” तात्यांनी स्टँडवरचा आवाज लावला. गेटवरचा वॉचमनसुद्धा वळला. “घाबरटच आहे ते! भित्र्या पुस्तकांचा बाप आहे! मुदस्सिर, तुझ्या पुस्तकातली हडळ लोकांना भिववते, त्यात काय विशेष? हे पुस्तक आपल्यातच काय लिहिलंय ते वाचून भितं. ज्याची पुस्तकालाच भीती वाटते, ते किती भयंकर असेल? कर विचार!”

मुदस्सिर विचार करू लागला. गोंधळ त्याच्या तोंडावर दिसत होता. इब्राहीमभाईंच्याही.

“वाचा मग,” तो म्हणाला.

तात्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं, मध्येच कुठंतरी उघडलं आणि खर्जात वाचलं, “‘मांसाचे लहान तुकडे करून हाडे वेगळी काढावीत. रक्त निघून जाईपर्यंत धुवावे. नंतर झाकण ठेवून...’”

त्यांनी अंगठा काढला. फट्‌! पुस्तक मिटलं. पुढच्या रांगेतली दोन पोरं किंचाळून आयांच्या मांडीत शिरली.

“बघितलं? पुढचं त्याला ऐकवत नाही. सिन्नरला याच्या शेजारी कपाटात पंचांग ठेवायचो, तर अमावस्या आली की हे त्याच्या मागे जाऊन लपायचं. विमानात बॅगेत घातलं तर सगळ्या बॅगा वजनाला कमी भरल्या आणि हीच जड. का? भीतीने पोटात गोळा आला होता त्याच्या!”

“तात्या, ते तर आमच्या...” इब्राहीमभाई पुटपुटले. तात्यांनी तिकडे लक्षच दिलं नाही.

आणि तेवढ्यात ते झालं. तात्यांच्या बोटांना ओल लागली. त्यांनी खाली पाहिलं. प्लास्टिकच्या कव्हरावर आधी धुकं धरलं, मग बारीक बारीक थेंब आले, थेंबाला थेंब मिळाला आणि एक ओघळ चक्क त्यांच्या मनगटावर उतरला.

थापा तात्यांनी आयुष्यभर मारल्या होत्या, पण थापेने आपल्या पायांनी चालत येऊन हातावर पाणी सोडावं, असं कधी झालं नव्हतं. मोरांची वरात खरंच गेली होती की काय? उंटाने बेल खरंच वाजवली होती? त्यांनी पुस्तक कानाला लावलं. आता ते खरं बोलत होते की खोटं, ते त्यांचं त्यांनाच कळेना.

“घाम फुटला!” ते ओरडले आणि त्यांचा आवाज खरोखरच कापला. “पोरांनो, पुस्तकाला दरदरून घाम फुटला!”

सगळे पुढे सरकले. मुदस्सिरने बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. “ओलं आहे,” तो म्हणाला, आणि दोन पावलं मागे जाऊन आपल्या आजोबांचा हात धरून उभा राहिला. नमिता सासऱ्यांकडे बघत राहिली.

ओवी मात्र सतरंजीवरून चालत पुढे आली. प्लास्टिकवरून बोट फिरवलं, ते बोट चष्म्याजवळ नेलं. मग आजोबांच्या खोलीच्या खिडकीकडे पाहिलं. तिथला एसी दिवसरात्र घरघरत असे, कारण तात्या त्याला कधी बंदच करू देत नसत. मग तिने कमरेवर हात ठेवले आणि लॉनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती कडाडली:

“आजोबा, हा घाम नाहीये! तुमची रूम फ्रीजसारखा आहे! पुस्तक थंड होता, बाहेर गरम आहे, म्हणून पाणी आली! माझी चष्मा पण रोज असाच होते! पुस्तक नाही घाबरला! तुम्ही खोटा बोलतो!”