दहापट शेपट्या

केमिस्टने दाजींचं नाक फोडलं. असं काही घडलंच नाही, हे दोघांनीही पुढे दवाखान्यात शपथेवर सांगितलं, तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

तर चामड्याच्या त्या कारखान्यात कातड्यावरचे केस सोडवणारं एक एन्झाइम होतं. गरम पाण्यात दहा मिनिटांत मान टाकायचं. केमिस्टने त्याच्या प्रत्येक रेणूला पाण्याचा तिटकारा असलेल्या तेलकट शेपट्या चिकटवल्या, मोजून तीन. एन्झाइम तासभर तग धरू लागलं, कामही करू लागलं. आज साहेबांसमोर चाचणी होती. केस निघाले नाहीत, तर प्रयोगशाळेला कुलूप आणि केमिस्ट घरी.

तासाने साहेबांनी केस ओढला. अख्खं कातडं उचललं गेलं, केस निघाला नाही.

"संध्याकाळी किल्ली द्या," म्हणून साहेब गेले.

केमिस्ट हौदावरच्या मुकादमाकडे, म्हणजे सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याकडे वळली. "दाजी, माझ्या मिश्रणाला हात लावलात?"

"शेपट्यांचं ते तेलकट रसायन जरा सढळ ओतलं. दहापट. चामड्याला चरबी पाजावी तितकं ते मऊ पडतं. म्हटलं, मेहुणीचं काम, हात कशाला आखडायचा."

शेपट्या पाण्यापासून पळून एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. एन्झाइमचा गोळा झाला होता, आणि ज्या तोंडाने ते केसाचं मूळ सोडवतं, ते तोंडच आत गडप.

केमिस्टने हौद ढवळायचं वल्हं उचललं. पहिला तडाखा खांद्यावर, दुसरा गुडघ्यावर. दाजींनी ओलं कातडं गरकन फिरवून तिच्या तोंडावर हाणलं. ती हौदाच्या काठावर आपटली, ओठ फाटला.

"ताईला काय सांगाल?" तिने रक्त थुंकत विचारलं.

"पाय घसरला म्हणेन."

"आणि अंगावरचे चार वळ?"

"कुठले चार? दोनच आहेत."

तिने आणखी दोन उमटवले. मग नाकाचं ते न घडलेलं घडलं. हाड वाजलं.

दोघं धापा टाकत प्रयोगशाळेत गेली. त्या गोळा झालेल्या मिश्रणातलं उरलेलं एन्झाइम ऐंशी अंशांवर दोन तास ठेवून यंत्रात तपासलं. रेणूची घडी जशीच्या तशी.

"मेलं नाही," दाजी फडक्याआडून म्हणाले.

"पण काम करत नाही."

"आमचा थोरला तसाच आहे. त्याला कुणी घराबाहेर काढलं का?"

केमिस्टने कोरा कागद ओढला, त्यावर ठिबकलेलं पुसलं आणि लिहिलं:

'महोदय, सदर एन्झाइम ऐंशी अंश तापमानात दोन तास आपल्या जागी उपस्थित होते. काम झाले नसले, तरी त्याची पूर्ण हजेरी ग्राह्य धरून प्रयोगशाळा चालू ठेवण्यात यावी, ही नम्र विनंती.'