दोन छटा उजळ

कृत्रिम हातपाय बनवणाऱ्या त्या कारखान्यात रंगाच्या बाबतीत रंगारीकाकांचा शब्द शेवटचा. साच्यातून निघालेला रबरी हात पांढराफटक असायचा. त्यात शिरा, सुरकुत्या, नखांखालची लाली भरून जीव आणायचा तो काकांनी. बावीस वर्षं हेच काम. "आमच्याकडे हात दाखवला तर अवलक्षण होत नाही," म्हणत ते घाबरलेल्या माणसाला हसवायचे.

त्या सोमवारी एक शाळेतल्या बाई हात न्यायला आल्या. अपघातात त्यांचा डावा पंजा गेला होता. काकांनी नवा हात कापडावर ठेवला आणि कौतुकाची वाट पाहत उभे राहिले.

बाईंनी आपला उजवा हात त्याच्या शेजारी ठेवला. तो चांगला काळा होता, आणि नवा गव्हाळ.

"हा कुणाचा?"

"तुमचाच की! दोन छटा उजळ धरलाय. चारचौघांत बरा दिसतो."

"कुणाला बरा दिसतो?"

काका हसायला गेले, पण हसू ओठांवरच अडकलं. "आजवर कुणी तक्रार केली नाही, बाई."

"माझी मुलगी चार वर्षांची आहे. माझ्यावरच गेलीय. रस्ता ओलांडताना ती हा हात धरणार. तिला काय सांगू? आईला नवा हात घ्यायचा होता, तेव्हा आईनं आपला रंग नको म्हटलं?"

मग त्यांनी टेबलावरचा मागणीचा कागद पुढे ओढला. 'त्वचा' या शब्दापुढे दोनच चौकोन होते: सामान्य आणि गडद.

"सामान्य म्हणजे कोण हो, काका? तुम्ही?"

तो कागद काकांनीच तयार केला होता. त्यांचा स्वतःचा हात बाईंच्या हाताहून तसूभरही उजळ नव्हता. शाळेत पोरं त्यांना 'डांबर' म्हणायची. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बसा," ते कसंबसं म्हणाले. "आत्ताच पुन्हा करतो."

दुपारभर बाई समोर बसून राहिल्या. इतकी वर्षं 'गडद' म्हटलं की काका एकाच डब्यातला तपकिरी घेऊन त्यात पांढरा कालवायचे. आज पहिल्यांदा नीट पाहिलं, तर बोटांच्या पेरांवर जांभळट झाक होती, मनगटापाशी तांबूस, तळव्याच्या कडेला पिवळसर. एका शब्दात मावेल असं त्यात काही नव्हतं.

"एक विचारू?" काका मान खाली घालूनच म्हणाले. "माणसं शेवटी सारखीच ना? मग रंगाला काय अर्थ आहे?"

"काहीच नाही. लोकांनी चिकटवलेला अर्थ आहे तो, आणि निस्तरावा आम्हाला लागतो." बाईंनी क्षणभर काकांच्या हाताकडे पाहिलं. "आपल्याला लागतो. आणि रंगाला अर्थ नसेल, तर बदलायचा तो दर वेळी आपलाच का?"

काकांनी कुंचला पुन्हा रंगात बुडवला. संध्याकाळी दोन्ही हात शेजारी ठेवले तेव्हा बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी आभार मानले, पण काकांना वर बघवेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुनी वही काढली आणि एका निवृत्त पोस्टमनला फोन लावला. त्याचा हात आठ वर्षांपूर्वी केला होता.

"तुमच्या हाताचा रंग चुकलाय," काका म्हणाले. "चुकला नाही, मीच मुद्दाम उजळ केला होता. नीट करून द्यायचाय."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?" पोस्टमन म्हणाला. "मला आपलं वाटायचं, तुमच्याकडे तेवढाच रंग असेल. चार दिवसच वापरला तो. लोक हाताकडे बघायचे, मग तोंडाकडे. त्यापेक्षा रिकामी बाही बरी."

काकांनी वहीत त्याच्या नावाखाली रेघ ओढली.

"कधी येऊ?" पोस्टमनने विचारलं.

"तुम्ही नका येऊ," काका म्हणाले. "मीच येतो रंग घेऊन."